कपाटातली पट्टी

बडोद्यात घर बघायचं तर जुलै-ऑगस्टात जावं, भर पावसात जावं, आणि दलालाला न कळवता जावं. दलाल मंडळींना मार्च-एप्रिल प्रिय. परीक्षा संपलेल्या, रस्ते कोरडे, भिंती कोरड्या, फाटकाशी गुलमोहर फुललेला, आणि आपण आपले खिडकीतून वारा कसा येतो ते बघत उभे. मी जाते तेव्हा पायांत प्लास्टिकच्या चपला असतात आणि पिशवीत मेजर टेप.

सोसायटीत शिरण्याआधी मी फाटकाबाहेरच्या इस्त्रीवाल्याशी बोलते. सेक्रेटरी खोटारडा असतो असं माझं म्हणणं नाही, पण त्याचाही तिथे फ्लॅट असतो. इस्त्रीवाल्याचा नसतो. २०१९च्या पुरात टेबल कुठे हलवलं होतं, २०२४च्या पुरात किती दिवस धंदा बंद होता, हे तो कोळसे सारता सारता सांगून टाकतो. मग मी विजेचे मीटर बघते. जुन्या बिल्डिंगमध्ये मीटरची पेटी जिन्याच्या वळणावर, डोक्याच्या वर चढवलेली दिसली तर ती कोणी हौसेने चढवलेली नसते. मग मागच्या बाजूला पंपाची खोली. फ्लॅटला रंग लावतात हो, पंपाच्या खोलीला कोणी लावत नाही. चिखलाची रेघ तिथे वर्षानुवर्षं तशीच राहते.

आणि शेवटी कांस कुठे आहे ते विचारते. कांस हा आमच्या बडोद्याचा शब्द. पावसाचं पाणी नदीकडे नेणारे जुने नाले, त्यांना इथे कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस. नकाशात ती रेघ दिसते. जागेवर बऱ्याचदा तिच्यावर पार्किंग असतं.

ही अक्कल मला २०१९ साली आली. तिची फी मात्र मी २०१३ सालीच भरून ठेवली होती.

मी बिल्डर नाही, दलाल नाही. माहेर दांडिया बाजारचं, सासर सलाटवाड्याचं, राहते मांजलपूरला. हिशेब खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यामुळे आकड्यांची भीती नाही, एवढंच भांडवल. २००३ साली ह्यांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ९ लाख रुपये घरात आले. दीर म्हणाले एफडी करा, नणंद म्हणाली पोस्टात टाका. मी म्हटलं, टेनामेंट घेऊ. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे टेनामेंट म्हणजे चाळ नव्हे. बैठं स्वतंत्र घर, पुढे झोपाळ्यापुरती जागा, वर आपली गच्ची.) मांजलपुरातच ६ लाख ४० हजारांना मिळालं, २०१०मध्ये साडेएकोणीस लाखांना गेलं. त्यात माझी हुशारी काडीची नव्हती, शहर त्या अंगाला वाढलं इतकंच. पण त्या व्यवहाराने माझं मोठं नुकसान केलं, कारण मला यातलं कळतं असं मला वाटायला लागलं.

पुढच्याच वर्षी भायलीला ५१ हजारांचा बाना, म्हणजे बयाणा, बुडवला. तेव्हा भायली अजून गावच होतं, महानगरपालिकेत ते २०२०मध्ये आलं. एकाने प्लॉट दाखवला, खुंट्या ठोकलेल्या, चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यात आंब्याचं रोप. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर. "बेन, एन.ए. तो थई जशे," म्हणजे बिनशेती काय, होऊन जाईल. गुजरातमध्ये जो शेतकरी खातेदार नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे ठाऊक होतं, म्हणून बिनशेती झाल्यावरच दस्तावेज करू असं ठरलं. पण सातबाऱ्यावर नव्या शर्तीची नोंद होती ती मी वाचलीच नाही. नव्या शर्तीची जमीन म्हणजे सरकारी अटींची जमीन, कलेक्टरची परवानगी आणि सरकारला प्रीमियम भरल्याशिवाय ती हलत नसे. त्यात वरून टी.पी., म्हणजे टाऊन प्लॅनिंगची, स्कीम यायची होती. टी.पी. पडली की रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी सरासरी ४० टक्के जमीन कापली जाते आणि उरलेली तुम्हाला दुसऱ्याच आकारात, कधीकधी दुसऱ्याच जागी मिळते. म्हणजे मी ज्या आंब्याच्या रोपावर भाळले होते तो आंबा शेवटी कोणाच्या वाट्याला गेला असता कोण जाणे. बाना परत मिळाला नाही. त्या दिवसापासून मी ६ नंबरच्या, म्हणजे फेरफाराच्या, नोंदी मागे मागे जात वाचते. कागद वाचायला मी तिथे शिकले. भिंत वाचायला शिकायचं बाकी होतं.

जानेवारी २०१३. समा भागातली सोसायटी, तळमजला, दोन बेडरूम. सुपर बिल्ट-अप १०५० फूट म्हणे, टेप लावला तर कार्पेट जेमतेम ७००. किंमत २४ लाख. विकणारे आजी-आजोबा, मुलगा परदेशी, आता अहमदाबादला मुलीजवळ जाणार होते. घराला नुकताच मोतिया रंग दिलेला, वास अजून गेला नव्हता. दलाल दारातूनच म्हणाला, "जुओ बेन, एकदम नवा जेवो."

मी विचारलं होतं. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण पुढे हे नेहमी मला म्हणत राहिले की तू विचारायला हवं होतंस. मी विचारलं होतं की इथे पुराचं पाणी येतं का. दलाल म्हणाला, "पाणी तो अहीं आवतुं ज नथी." मी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी आजींकडे बघितलं. आजी उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. आल्याचा, गवतीचहा घातलेला, फार सुंदर. मी चहाचं कौतुक केलं आणि भावावर आले.

कागदपत्रं आरशासारखी होती. तीस वर्षांचा सर्च, टायटल क्लिअर, बी.यू. (इमारत वापराची) परमिशन, शेअर सर्टिफिकेट, वेरा म्हणजे घरपट्टी भरलेली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली तर एकही हरकत नाही. दस्तावेज माझ्या नावावर केला. बाईच्या नावावर केला की १ टक्का नोंदणी फी माफ असते, स्टॅम्प ड्युटी तेवढी ४.९ टक्के. घरात येऊन पेढे वाटले.

आता थोडं नदीबद्दल सांगते. विश्वामित्री पावागडाकडून येते आणि शहराच्या मधून नागमोडी जाते. वर सयाजीरावांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर. त्याची पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की जास्तीचं पाणी विश्वामित्रीत येतं. खाली नदी ढाढरला मिळते, आणि ढाढरच फुगलेली असली तर आमचं पाणी जायला वाट राहत नाही. पातळी मोजतात काळ्या घोड्याजवळच्या पुलावर. २६ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात बडोदेकर एकमेकांना क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं सांगतात, आजवा २१२, काळा घोडा २३. आमच्या सासूबाईंना शेवटी शेवटी नातवंडांची नावं आठवत नव्हती, पण सकाळी उठल्यावर "काळा घोडा किती?" हे त्या न चुकता विचारायच्या.

३१ जुलै २०१९, बुधवार. दिवसभरात २० इंचांच्या आसपास पाऊस. रात्री नऊला भाडेकरूचा फोन आला, नडियादकडचं तरुण जोडपं, पदरी आठ महिन्यांची मुलगी. "आंटी, टॉयलेटमधून पाणी वर येतंय." तळमजल्यावर पाणी दारातून येतं अशी आपली कल्पना असते. ते आधी संडासातून येतं, मग न्हाणीच्या जाळीतून, आणि दारातून येईपर्यंत घर अर्धं गेलेलं असतं. ती तिघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली आणि तीन रात्री तिथेच राहिली. टीव्हीवर तोवर रस्त्यांतून फिरणाऱ्या मगरी दाखवायला सुरुवात झाली होती. पुण्याहून मुलीचा फोन, आई, मगर खरी आहे का गं? अगं, खरीच आहे. त्या नदीत मगरी पहिल्यापासून राहतात. आपण त्यांच्या अंगणात फ्लॅट घेतलेत.

शनिवारी मी जाऊ शकले. फ्रीज स्वयंपाकघरातून तरंगत येऊन हॉलमध्ये पाठीवर पडला होता. गाद्या उचलायला दोन-दोन माणसं लागत होती. बाळाचा पाळणा तेवढा खुंटीला होता म्हणून कोरडा. आणि सगळ्या घराला, प्रत्येक भिंतीला, एका पातळीत ओढलेली तपकिरी रेघ. गवंडी ओळंबा आणि ट्यूब घेऊनही इतकी सरळ मारणार नाही. टेप लावला. २ फूट ११ इंच.

दिवाळीच्या आधी रंगारी मिळत नाहीत, नवरात्र संपल्यावर एक मिळाला. म्हातारा माणूस, काम सावकाश, पण खालपर्यंत खरवडल्याशिवाय लांबी भरणार नाही असा हट्ट. बेडरूमच्या भिंतीवर पत्रा चालवता चालवता थांबला आणि मला हाक मारली. "बेन, आ तो जूनी छे."

मोतिया रंगाच्या खाली लांबी, लांबीखाली हिरवट रंग, आणि त्या हिरवट रंगावर आणखी एक रेघ. आपल्या रेघेपेक्षा वीतभर खाली. अडीच फुटांच्या जरा आत. २००५च्या पुराची.

मी उलट्या बादलीवर बसले. मला तो आल्याचा चहा आठवला.

ओळखीच्या वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितलं, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमात आहेच की. मिळकतीत असा काही मोठा दोष असेल जो विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने बघून कळणारा नाही, तर तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. मग चष्मा काढून म्हणाले, पण ताई, शहराला पूर आला होता हे सगळ्या शहराला माहीत. तुम्ही तर बडोद्याच्याच. घराला रंग लावणं हा काही गुन्हा नाही. आणि सहा वर्षांनी सिद्ध कोण करणार? आजोबांचा अहमदाबादचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. त्या दिवशी आजोबांनी आजींकडे बघितलेलं मी पाहिलं होतं ना. मला २४ लाखांचा भाव हवा होता म्हणून मी चहाचं कौतुक केलं होतं. वकील त्याच्यावर काय करणार!

रंगाऱ्याला सांगितलं, बेडरूमच्या भिंतीतलं कपाट आहे, त्याच्या आत डाव्या बाजूला हातभर रुंद पट्टी सोड. तिथे लांबी नाही, रंग नाही. दोन्ही रेघा दिसल्या पाहिजेत. तो माझ्याकडे बघत राहिला. हे घरी म्हणाले, "वेडी आहेस का? घर विकायला काढायचंय की प्रदर्शनात मांडायचंय?"

यात पुण्यकर्म काही नव्हतं. मी स्वतःला ओळखते. कपाटातही रंग लागला असता तर दोन वर्षांनी मीच गिऱ्हाइकाला म्हणाले असते, पाणी? हो, एकदा थोडं आलं होतं, घोट्याएवढं. आणखी दोन वर्षांनी तेवढंही म्हणाले नसते. चहा मलाही चांगला करता येतो.

फ्लॅट २०२०च्या शेवटी विकायला काढला. त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्याचे भाव ३८-३९ लाख, तळमजल्याचे ३६च्या आसपास. पहिलं गिऱ्हाईक आयटीतला मुलगा आणि त्याची बायको. मी त्यांना हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं, मग कपाट उघडून टॉर्च मारला. "विचार करून सांगतो, आंटी." दुसऱ्याने कपाट बघून २६ लाख सांगितले. तिसऱ्याने तर मलाच समजावलं की हे असं दाखवायचं नसतं. चौथ्यानंतर दलालाने हात जोडले. "बेन, तमे वेचवा बेठां छो के बीवडाववा?" विकायला बसलाय की घाबरवायला?

मग फेब्रुवारीत त्या काकू आल्या. नवापुऱ्यातल्या, मराठीच, तिसऱ्या मजल्यावर जुन्या घरात राहणाऱ्या, दोन्ही गुडघे गेलेले. बरोबर मुलगा, मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणारा. मी कपाट उघडलं. काकूंनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "खालची २००५ची का? तेव्हा आमच्या भावजयीकडे एवढंच होतं." मुलाने खिशातून स्वतःचा टेप काढला. दोन्ही रेघा मोजल्या, पेन्सिलीने आकडे भिंतीवर लिहिले. मग म्हणाला, "ताई, ३ फूट धरतो. वर १ फूट सेफ्टी. सगळं ४ फुटांवर घेऊ."

मी म्हटलं, बघा हं, मला काही यातलं कळत नाही, मी फक्त जे झालं ते दाखवतेय. काकू म्हणाल्या, "अहो ताई, जिन्यात रोज मरण्यापेक्षा दहा वर्षांतून एकदा भिजलेलं परवडलं." साडेएकतीस लाखांना ठरलं.

सगळा व्यवहार बँकेतून झाला. त्याचं कौतुक करू नका, त्यांना लोन हवं होतं म्हणून झाला. तेव्हा जंत्रीचे, म्हणजे सरकारने ठरवलेले, दर २०११चेच चालू होते आणि बाजारभाव कुठल्या कुठे गेलेला, त्यामुळे दस्तावेजात किती आणि पिशवीत किती हा प्रश्न चहाच्या आधी यायचा. १५ एप्रिल २०२३ पासून सरकारने जमिनीची जंत्री एका फटक्यात दुप्पट केली तेव्हा ती दरी जरा बुजली. नोटबंदीच्या वेळी पिशवीवाल्यांचे चेहरे मी पाहिलेत, म्हणून मला त्या पिशवीचा मोह नाही. टेनामेंटच्या वेळी होता, खोटं कशाला बोलू.

आता हिशेब. लोक मला विचारतात की प्रॉपर्टीत किती सुटतं, आणि सांगणारे फक्त घेतल्याचा आणि विकल्याचा आकडा सांगतात. २४ला घेतलं, साडेएकतीसला विकलं, साडेसात सुटले. चूक. स्टॅम्प ड्युटीचे १ लाख १८ हजार गेले. दोन्ही वेळची दलाली मिळून साडेपंचावन्न हजार. पुरानंतरचं काम, म्हणजे वायरिंग, दरवाजे, लांबी-रंग, संडासाची लाइन, १ लाख ८५ हजार. उरले ३ लाख ९० हजारांच्या आसपास. आठ वर्षांचं भाडं, त्यातून पुरानंतरचे रिकामे महिने, मेंटेनन्स आणि वेरा वजा जाता, सव्वासहा लाख. म्हणजे सगळं मिळून १० लाख, आठ वर्षांत, २५ लाखांवर. वर्षाला सरळ ५ टक्के. २०१३ साली बँका एफडीवर ९च्या जवळ देत होत्या. दिरांना मी हा हिशेब दाखवलेला नाही, दाखवणारही नाही.

कर मात्र शून्य लागला, आणि तो का लागला नाही हे जास्त झोंबणारं आहे. तेव्हा महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून धरता यायची. २०१२-१३चा निर्देशांक २००, २०२०-२१चा ३०१. माझे सव्वापंचवीस लाख त्या हिशेबाने ३८ लाखांच्या जवळ गेले, आणि विक्री साडेएकतीसची. सरकारी कागदावर मी तोट्यात होते! आता तीही सोय गेली. २३ जुलै २०२४ पासून निर्देशांक न धरता सरळ १२.५ टक्के; त्याआधी घेतलेल्या घरा-जमिनींना तेवढी मुभा आहे की जुन्या पद्धतीने २० टक्के किंवा नव्याने १२.५, जे कमी बसेल ते. माझ्यासारख्या बाईच्या नशिबात महागाई हाच एक फायदा होता.

तर घर गेलं, पैसे आले, त्यातून मांजलपुरातच एक दुकानाचा गाळा घेतला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भाडेकरू वेळेवर भाडं देतो आणि गाळा रस्त्यापासून तीन पायऱ्या वर आहे.

काकूंच्या मुलाचा मधून मधून फोन यायचा. त्याने खरोखरच सगळं ४ फुटांवर घेतलं होतं. स्विचबोर्ड वर, इन्व्हर्टर लोखंडी अँगलवर, वॉशिंग मशीनला स्वतः वेल्डिंग केलेला स्टँड, ओट्याखालची लाकडी कपाटं काढून नुसते ग्रॅनाइटचे कप्पे. देव्हाराही ४ फुटांवर. काकूंची तेवढी एक तक्रार होती. "गुडघ्यांसाठी घर बदललं आणि आता पूजा उभ्याने करायची." मला मनातून फार बरं वाटायचं. एकदा तर आमच्या भिशीत मी ही गोष्ट जरा मीठमसाला लावून सांगितलीही, म्हणजे माझ्या त्या कपाटाची.

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, जन्माष्टमी. सकाळपासून आजव्याचे आकडे फोनवर येत होते. रात्री काळा घोडा ३०च्या वर. दुसऱ्या दिवशी ३५ ओलांडला. २०१९मध्ये ज्या भागांनी पाणी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं तिथेही शिरलं. अकोट्यातले बंगले, पोर्चमध्ये उभ्या महागड्या गाड्या, सगळं पाण्यात. लाइट गेली, फोन मरत चालले. मी काकूंच्या मुलाला लावत राहिले, लागेना.

बुधवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला. वरच्या मजल्यावरून बोलत होता. आवाज नेहमीसारखाच.

"ताई, ४ फूट १०."

मला काही बोलताच येईना. तो पुढे सांगत होता की आई बरी आहे, वरच्यांकडे आहे, पाळण्यातला बाळकृष्ण तिने आधीच पदरात घेतला होता म्हणून राहिला, बाकी देव धुऊन घेऊ. इन्व्हर्टर गेला. मशीन गेलं. "४ फुटांवर होतं ना सगळं," असं म्हणाला आणि जरा हसला.

मी त्याला २ फूट ११ इंच दाखवले होते. ते खरे होते. इंचही कमी सांगितला नव्हता.

पाणी उतरल्यावर गेले. सोबत डबा, दोन साड्या, फिनाइलचे कॅन. दारातच चिखलाचा तो वास, पाच वर्षांनी, जसाच्या तसा. काकू दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भांडी मोजत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, काकू, चुकलंच माझं. त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? पाणी काय तुमचं कपाट बघून येतं?" आणि मला चार वाट्या हातात दिल्या, पुसायला.

आतापर्यंत सहाजणांनी मला विचारलंय की ते घर त्यांनी विकायला काढलं का. नाही काढलं. काढलं तर घेणार कोण? त्यानंतरच्या वर्षभरात बडोद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न भावाचा नाही, पाण्याचा विचारू लागलं, आणि दलाल "२०२४मध्येही कोरडं" असं जाहिरातीत लिहू लागले. २०२५च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. त्यावर तळमजल्यांचे भाव सावरतील असं दलाल म्हणतात. मी अजून तरी तळमजला बघायला गेलेली नाही.

त्या दिवशी निघताना मुलगा आतून आला. हातात टेप आणि पेन्सिल. कपाटाचं दार चिखलाने फुगून निखळलं होतं, ते त्याने भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आतल्या पट्टीवर माझ्या दोन रेघांच्या बरीच वर तिसरी होती, ओली, अजून काळपट. त्याने शेजारी आकडा आणि तारीख लिहिली. मग मला विचारलं, "ताई, तो तुमचा म्हातारा रंगारी अजून काम करतो का? नंबर पाठवा. या वेळी पट्टी छतापर्यंत सोडायला सांगतो."